सोवळ्यातली कवळी

सणावाराला आमच्या घरात दोन गोष्टी हमखास असायच्या. एक पुरण आणि दुसरी माझी कटकट. पुरणाचं सगळे कौतुक करायचे, कटकटीचं कधी कुणी केलं नाही. पण आमच्या घरातल्या एकाही पोराची दाढ किडली नाही ती त्या कटकटीमुळेच, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. ज्याला पटत नसेल त्याने शेजारच्या घरातल्या पोरांची तोंडं उघडून बघावीत.

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की वर्गात गालाला हात लावून बसलेली चार-सहा पोरं तरी असायचीच. बेसनाचे लाडू, चिरोटे, शंकरपाळी असं दिवसभर चरायचं आणि तसंच अंथरुणात शिरायचं, मग दुसरं काय होणार? म्हणून मी घरात कायदाच करून टाकला होता. गोड जे खायचं ते जेवणाबरोबर खायचं, येता-जाता डब्यात हात घालायचा नाही. पंगतीतून उठलं की खळखळून चूळ भरायची. आणि झोपायच्या आधी ब्रश, मग त्या दिवशी पाडवा असो की संक्रांत. पाहुण्यांच्या पोरांनाही सूट नव्हती. एका भाऊबीजेला माझा भाचा मोरीत उभा राहून रडत रडत दात घासत होता आणि माझी वहिनी दाराआड हळहळत होती, तरी मी जागची हलले नाही. सासरे अंगणातल्या ओट्यावरून ओरडले, "सूनबाई, तुला फौजदार करायला पायजे व्हतं. शाळंत काहून गेलीस?"

सासऱ्यांचं बोलायला काय जात होतं! त्यांचे सगळे दात शाबूत होते. चितेगावच्या अलीकडे आमचं शेत, तिथून येताना ते बाभळीच्या काड्यांचा जुडगा घेऊन यायचे आणि सकाळी अंगणात बसून तासभर दात घासायचे. ऊस दातानं सोलायचे, सुपारी दातानं फोडायचे. आणि फोडताना मुद्दाम आवाज करायचे, कारण समोर सासूबाई असायच्या.

सासूबाईंच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. कारण सरळ होतं, मिसरी. तंबाखू तव्यावर जाळायचा, त्याची काळी पूड करायची आणि सकाळ-दुपार बोटानं दातांवर चोळत बसायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या मिसरीशी भांडत होते. तंबाखू जळल्याचा वास आला की मी स्वयंपाकघरात जाऊन तवा आपटायचे. सासूबाई शांतपणे म्हणायच्या, "तुझा ब्रश तुला, माझी मिसरी मला." शेवटी एकेक करून दात हलले, पडले, काही काढावे लागले, आणि मग चोळायलाच काही उरलं नाही तेव्हा मिसरीही सुटली. मी जिंकले असं म्हणायची सोय नव्हती.

दात गेल्यावर सासूबाईंनी एक केलं. त्या कुणासमोर जेवेनाशा झाल्या. सगळ्यांचं उरकलं की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या आणि दुधात कुस्करलेली भाकरी हिरड्यांनी चघळत बसायच्या. चुकून मी आत गेले तर तोंडावर पदर घ्यायच्या. बोलताना पदर, हसताना पदर. मोठ्यानं हसणारी बाई होती ती. मला त्याचा फार राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

सगळ्यात वाईट झालं ते सवाष्णीचं. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. पहिल्या दिवशी त्यांना उभं करायचं, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा नैवेद्य आणि सवाष्णींचं जेवण, तिसऱ्या दिवशी निरोप. त्या दिवशी जेवायला बोलावलेली सवाष्ण म्हणजे लक्ष्मीच. तिनं पोटभर जेवायचं, पानात काही टाकायचं नाही. ती तृप्त होऊन उठली तर घर तृप्त. दात होते तोवर नवरात्रात, मार्गशीर्षात लोक सासूबाईंना हौसेनं बोलवायचे. नंतर निरोप आला की त्या म्हणायच्या, "मला नाय जमायचं, गुडघे दुखतेत." गुडघे दुखत होतेच. पण खरं कारण मला ठाऊक होतं. पानात वडा तसाच राहिला तर त्या घराला काय वाटेल, ही भीती होती.

त्या वर्षी मात्र गुडघ्यांनी खरंच हात टेकले. गणपती बसायच्या महिनाभर आधी सासूबाई मला म्हणाल्या, "यंदा लक्ष्म्याचा सैपाक तू कर. मला आता उभं राहवत नाय."

हे साधं वाक्य नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून लक्ष्म्यांच्या चुलीपुढं सासूबाई एकट्याच. सोवळं कडक. पहाटे अंघोळ, कुणी न शिवलेली साडी, नैवेद्य होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही, काही चाखायचं नाही. शिवाय आमच्या घरची रीत अशी, की नैवेद्याच्या पोळ्या आधी करून ठेवायच्या, पण सवाष्णींच्या पानात पडायची ती तव्यावरून उतरलेली गरम पोळी. म्हणजे पंगत चालू असेपर्यंत तव्यापुढची बाई उठणार नाही. मग पुरुषांची पंगत, मग पोरं, मग गडीमाणसं. सासूबाई जेवायच्या तेव्हा दिवेलागण झालेली असायची आणि पानात गार पोळी असायची. त्यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नाही. मला मात्र दरवर्षी वाटायचं.

म्हणून मी लगेच म्हणाले, "करते. पण मग तुम्ही पहिल्या पंगतीत बसायचं. सवाष्ण म्हणून."

त्या म्हणाल्या, "मी? आपल्याच लक्ष्म्यापुढं?"

"का? तुमचं कुंकू काय पुसलंय का? ते काय, ओट्यावर बसून सुपारी फोडतायत."

सासूबाई हसल्या आणि पदर तोंडावर गेला. मग पदराआडूनच हळू म्हणाल्या, "बसावं तर लई वाटतं. पण बोळक्या तोंडाची सवाष्ण कुठं आसती व्हय?"

लई वाटतं म्हणाल्या, एवढं मला पुरे होतं. स्वतःला काही हवंय असं या बाईच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याच आठवड्यात मी त्यांना रिक्षात घातलं आणि आमच्या पुंडलिकनगरातून थेट जुन्या शहरात नेलं. तिथल्या एका गल्लीत दाताचे एक डॉक्टर होते. खाली दवाखाना, वर घर. माझ्या शाळेतली सगळी मंडळी त्यांच्याकडेच जायची.

डॉक्टरांनी वय विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "पोलीस ॲक्शन झालं तवा पाळण्यात व्हते."

"तब तो मेरे अब्बा की उमर के हुए तुम," डॉक्टर म्हणाले. "मुंह खोलो अम्मा. शरमाओ नक्को, मैं दिनभर यहीच देखता बैठता."

सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून तोंड उघडलं. मग मापं घेणं, मेणाचे दात लावून बघणं, हे सगळं तीन-चार फेऱ्यांत झालं. आणि महालक्ष्म्यांच्या पंधरवडाभर आधी कवळी हातात आली. डॉक्टरांनी ती बसवली आणि समोर आरसा धरला. सासूबाईंनी आधी पदर सावरला, मग आरशात बघितलं, मग माझ्याकडे. "आगं, ही तर माझी बहीण दिसायली," म्हणाल्या, आणि पदर न घेता हसल्या. मी डॉक्टरांसमोर रडायची तेवढी राहिले.

डॉक्टरांनी सूचनांच्या फैरी झाडल्या. जेवण झालं की काढून धुवायची. मऊ ब्रशनं घासायची. रात्री थंड पाण्यात ठेवायची. सुरुवातीला मऊ खायचं, लहान घास, दोन्ही बाजूंनी चावायचं. "सन का खाना है, मालूम है मेरेकु. पूरन खाओ, खीर खाओ, पर चिकट लड्डू अभी नक्को. और गरम पानी में बिल्कुल नक्को डालना." प्रत्येक वाक्याला सासूबाई मान हलवून "व्हय, व्हय" म्हणत होत्या. माझ्यासारखाच कटकट्या माणूस भेटल्यामुळे मी खूश होते.

मग घरी सराव सुरू झाला. सकाळी वरणभात, संध्याकाळी भाकरीचा पापुद्रा. कवळी बसवली की त्यांचं बोलणं बदलायचं, थोडं शहरी व्हायचं. सासरे म्हणायचे, "आता ही इंग्रजी बोलती का काय!" एकदा मला स्वयंपाकघरातून कुडुमकुडुम आवाज आला. जाऊन बघते तर सासूबाई भाजलेल्या शेंगा खातायत. मी ओरडले. त्या म्हणाल्या, "सराव चालू हाय." जेवण झालं की मात्र त्या स्वतः कवळी काढून नळाखाली धुवायच्या, बारीक ब्रशनं एकेक फट घासायच्या, आणि रात्री पाण्याच्या वाटीत ठेवून वर ताटली झाकायच्या. खऱ्या दातांची एवढी निगा राखली असती तर, असं माझ्या अगदी ओठांवर यायचं. पण मी गिळून टाकायचे.

लक्ष्म्या आल्या. दुसऱ्या दिवशी मी पहाटेच अंघोळ करून सोवळ्याची साडी नेसून स्वयंपाकाला लागले. वर फुलोरा टांगलेला, खाली दोघी उभ्या, पुढं फराळाची ताटं. मला धाकधूक होत होती, कारण सोळा भाज्या, आंबील, कटाची आमटी, पुरण, सगळं न चाखता करायचं होतं. एका शेगडीवर डाळ शिजत होती. दुसऱ्या शेगडीवर तांब्याच्या भगुण्यात पाणी खळखळा उकळत होतं. मला वाटलं, सासूबाईंनी आंबिलीला आधण ठेवलंय. किती उरलंय ते बघायला मी पळी घातली, तर खालून दात वर आले.

मी किंचाळले. सासरे, आमचे हे, पोरं, सगळे दारात जमले. सासूबाई देवघरातून आल्या, नुकतीच अंघोळ केलेल्या, कपाळावर मोठं कुंकू. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "काय झालं? मीच ठिवलेत."

"अहो, डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते ना, गरम पाणी नको म्हणून!"

"व्हते ना. पण ह्याच दातानं मी रोज कढत चहा पिते. मंग पाण्यानं काय व्हतंय?"

"पण उकळायची गरजच काय होती?"

त्यांनी मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. "हे बघ. तोंडातले दात चूळ भरली की सोवळ्यात येतेत. पण हे काढून बाजूला ठिवायचे दात. म्हंजी भांडंच की. काल ह्यानंच भाकर खाल्ली, उष्टं भांडं झालं. उष्टं भांडं लक्ष्मीच्या सैपाकात घ्यायचं तर कढत पाण्यातून काढत नाय का आपण?"

युक्तिवाद बिनतोड होता, म्हणून माझं डोकं आणखीच फिरलं. मी कवळी पळीनं काढून ताटलीत घेतली. वरची एका बाजूला दबली होती, खालची फाकली होती. थंड झाल्यावर सासूबाईंनी लावून बघितली. वरची तोंडात थांबेना, खालची हिरडीत रुतायला लागली. त्यांनी ती काढली आणि मुठीत धरली. तोंडावर पदर गेला. दारातल्या सासऱ्यांनी हातातली सुपारी न फोडताच परत डबीत टाकली, यावरून काय ते समजावं.

मी सोवळ्यात, त्यांना हातही लावता येईना. मी लांबूनच तडतड करत राहिले. आमच्या ह्यांनी कंपनीतून रजा घेतली होती. त्यांनी स्कूटर काढली, आईला मागे बसवलं आणि दोघं जुन्या शहरात गेली. पुढचं मला ह्यांनी सांगितलं. डॉक्टर नाश्ता सोडून खाली आले. कवळी हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाले, "कायकू उबाले अम्मा? ये तो पापड हो गया." सासूबाईंनी सोवळ्याचं सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. "मेरी अम्मी भी नमाज के वुजू के पहले निकाल के धोती. पर ठंडे पानी से," म्हणाले. नवी करावी लागेल, हफ्ता-दहा दिवस लागतील, आजच्या दिवशी नाही. वर जाऊन त्यांनी आपल्या आईच्या हातचा खिमा आणला नाही एवढंच, बाकी चहा-बिस्किटांचा आग्रह पुरेपूर केला, असं हे म्हणाले. त्या दिवशीही ह्यांना विनोद सुचत होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी पुन्हा अंघोळ केली, पदर कमरेला खोचला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन म्हणाल्या, "तू पोळ्या लाट, मी वाढते. माझ्या पाटावर शेजारणीला बशिव."

"नाही."

"आगं, चुलत जाऊ आलीय वेरूळहून. तिच्यासमोर मी बोळक्या तोंडानं मचमच करत बसू व्हय? वर्षभर चघळील ती."

यात तथ्य होतं. भावकीच्या वाटण्या झाल्या तरी लक्ष्म्या थोरल्या घरी राहिल्या होत्या, त्यामुळे सासूबाईंची ही चुलत जाऊ दरवर्षी आमच्याकडे यायची. जीभ अशी, की समोरच्यानं दोन दिवस जेवू नये. पण मी तरी काय कमी होते? मी लाटणं खाली ठेवलं.

"आई, पाट मांडलाय. तुम्ही बसल्या नाहीत तर मी एक पोळी लाटणार नाही. लक्ष्म्या आणि चार सवाष्णी उपाशी राहिल्या तर ते तुमच्या माथी. मग बसा आयुष्यभर उकळत."

सासूबाईंनी मदतीसाठी नवऱ्याकडे बघितलं. सासरे म्हणाले, "बस गं. फौजदारापुढं आपलं काय चालतंय?" मग कधी नव्हे त्या आवाजात म्हणाले, "बस. मला बी बघू दे."

पुरणाच्या दिव्यांनी आरती झाली, नैवेद्य झाला, आणि पाचजणींची पंगत बसली. सासूबाई सगळ्यात कडेला, भिंतीशी, पदर नाकापर्यंत. त्यांच्या शेजारी नेमकी चुलत जाऊ. मी तव्यापुढं बसले होते आणि तिथून दारातून मला सासूबाईंचं पान अगदी समोर दिसत होतं. माझ्या मुलीनं वाढायला घेतलं. मी पोळी उतरवायची, तिनं तुपाची धार सोडून धावत पानात टाकायची.

सासूबाईंनी पदराआड पहिला घास घेतला. आंबील झाली, भात झाला. वडा त्यांनी आमटीत बुडवून ठेवला आणि तो भिजेपर्यंत पोळीचा एक एक तुकडा दुधात कालवून घेत राहिल्या. हिरड्यांनी खायला वेळ लागतो. बाकीच्या चौघींचं जेवण झालं, त्यांनी पानं चाटूनपुसून साफ केली, आणि सासूबाईंची अजून दुसरी पोळी चालू होती. पंगत मोडून कुणी आधी उठत नाही, आणि लक्ष्मीच्या पंगतीत तर नाहीच नाही. चौघी हात वाळवत बसल्या. आता ही चुलत जाऊ काय बोलणार, या विचाराने मी लाटणं जरा जास्तच आपटत होते.

सासूबाई थांबल्या. "उठा बायांनो," म्हणाल्या, "माझं झालं." पानात वडा तसाच होता, पोळी अर्धी होती.

चुलत जाऊ म्हणाली, "काय झालं? पान बघ की आधी. सवाष्ण अशी उठती व्हय?"

"तुझी एसटी चुकंल."

"चुकू दे. तुझ्या घरी झोपायला जागा नाय का?" आणि तिनं आपल्या कोरड्या हातानं सासूबाईंच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. "आन् हे काय घुंगट घेऊन बसलीस, नवी नवरी असल्यावानी? माझे बी मागचे चार गेलेत. खा निवांत. आम्ही बसलोत."

त्या बसल्या. पावसाच्या गप्पा झाल्या, कापसाच्या झाल्या, कुणाच्या सुनेचं काय ते झालं. सासूबाई जेवत होत्या, पदर खांद्यावर, तोंड उघडं. मी नवी पोळी उतरवली आणि या वेळी मुलीला न देता स्वतःच नेऊन त्यांच्या पानात घातली. वाफ निघत होती. त्यांनी दूध घेतलं नाही. नुसत्या तुपाबरोबर तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि विरघळेपर्यंत जिभेवर घोळवला.

मग चुलत जावेकडे वळून म्हणाल्या, "आपल्या घरची पोळी गरम आसली की अशी लागती व्हय?"

"मंग? इतकी वर्षं आम्ही तारीफ करत व्हतो ती काय उगंच?"

"मला वाटायचं," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही माझं मन राखायला म्हणता."

दारात सासरे उभे होते, ते अंगणात निघून गेले. मी परत तव्यापुढं आले. मला डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हात पिठाचे होते आणि तव्यावर पोळी फुगत होती. तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"सूनबाई, अजून एक आण."